तीस

होळीपासून नाव ठोकळ्यांवर उपडी पडलेली,
सारंगखेड्याच्या बंधाऱ्याच्या वर, बाभळीच्या विरळ सावलीत.
आखाजीला माहेरी आले तर भाऊ म्हणाला, काढून टाकू.
साग आहे, कोणीतरी दाराच्या चौकटी करेल.
शिडाची काठी मांडवाला होईल.

मी हिलालमामाला बोलावून घेतलं.

चौतीस वर्षं मामा भुसावळच्या यार्डात
रात्री उभ्या गाड्यांच्या चाकांवर हातोडा मारत फिरला.
चाक खणखणलं तर पुढे,
भद्द बोललं तर खडूची फुली.
एका कानानं आता ऐकू येत नाही.
दुसरा त्यानं नावेच्या पाठीला लावला
आणि म्हणाला, मार.

मारत गेले. फळीमागून फळी, वीतवीत अंतरानं.
खिळ्यांची डोकी चटके देत होती.
पलीकडे गाळपेरात कोणी डांगराचे वाळले वेल उपटत होतं.
भेगाच भेगा. काहींत केस जाईना,
एकीत शहाद्याच्या एसटीचं तिकीट अर्धं शिरलं.
मी म्हणाले, मग झालंच की.
मामानं तिकीट ओढून काढलं, खिशात ठेवलं.
"हाई भेग नई, बये. हाई तीस शे."

तीन महिन्यांची तहान.
दोन फळ्यांमधली फट पाणी प्यायली की मिटते.
रेषेला आडवी गेलेली मिटत नाही,
ती शोधायची.

चौघांनी नाव सुलटी केली आणि आत घागरी ओतल्या.
जन्मभर नदी बाहेर, आम्ही आत.
आज नदी आत होती
आणि आम्ही बाहेर उकिडवे बसून बघत होतो
ती कुठून निसटते.

संध्याकाळपर्यंत सतरा ठिकाणी ठिबकत होतं.
सकाळी, एकाच.
शिडाच्या खांबाच्या बुडाशी,
जिथे बाबा कुणाला हात लावू देत नसत.
ती जागा पक्की आहे, म्हणायचे.

खरवडलं. निळा रंग, खाली हिरवा,
खाली लाल, मग डांबर, मग डालड्याचा पत्रा,
पत्र्याखाली घडी घालून ठासलेली
जांभळ्या लुगड्याची पट्टी, काठासकट.
मामाचा स्क्रूड्रायव्हर
मुठीपर्यंत फळीत गेला. आवाजही झाला नाही.

आई आली. पट्टी उलगडून काठ चाचपला.
"मला म्हने गायनं खाल्लं."
एवढंच.
मग राळेच्या डब्याखाली चुलीत सारली.
डांबराची होती, चांगली पेटली.

हातभर फळी कापून काढली.
तिच्या जागी नवा साग बसवायला दोन दिवस गेले, एक तुकडा वाया गेला.
दोंडाईच्याच्या जिनिंगमधला कापूस,
त्याची वात वळून जवसाच्या तेलात भिजवली
आणि बोथट छिन्नीनं फटींत सारत गेलो.
मी जोर करू लागले की मामा मनगट धरायचा:
फुगायला जागा ठेव.
गच्च भरलेलं लाकूड
पाण्यात गेलं की स्वतःच उलतं.

पाचव्या दिवशी नाव पाण्यात ढकलली.
ती नव्या तीन ठिकाणांहून गळू लागली.
भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मामाकडे.
मामा चांगला कान पाण्याकडे करून
काठावर बसला होता, चपला काढून.

"पिऊ दे."

पश्चिमेकडून वारा सुटायला अजून तासभर होता.
खताच्या गोण्यांचं शीड मांडीवर घेऊन
मी उसवलेली शिवण बघत बसले.
भाऊ घराकडे चालू लागला. मला वाटलं, गेला.
परत आला तेव्हा हातात उपसायला डबा होता,
आणि दुसरा, माझ्यासाठी.