हजेरी

मेडिकल चौकाजवळच्या हॉलचं भाडं तीनशे,
कूलरचे वेगळे पन्नास.
खुर्च्या मांडल्या चाळीस. आलो पाच.
बोकडे मॅडम म्हणाल्या, कोरम नाही.
पोह्यांवरची तर्री गार होत चालली.

फोन लावले मग.
कुणाचा सहा नंबरचा बेड बिघडलेला,
कुणाच्या पोराची परीक्षा,
एकीने सरळच विचारलं,
येऊन काय होते, बाई?

साडेनऊला सुकेशनी गजभिये आली
रात्रपाळी उतरून, गालावर मास्कचा वळ तसाच.
बसली, आणि विषयपत्रिकेच्या दुसऱ्या मुद्द्यावर
झोपली.

कुणी उठवलं नाही.
कूलर तिच्याकडे वळवला.
व्हेंटिलेटरचं प्रशिक्षण, नाइटचा भत्ता, थकलेली वर्गणी,
सगळं हळू आवाजात बोललो,
वॉर्डात रात्री तीनला बोलतो तसं.
मधेच कुणाचा तरी मोबाइल टिंग वाजला
तर तिचा हात झोपेतच वर गेला,
अलार्म बंद करायला.

मी रजिस्टरात लिहिलं:
उपस्थित, सहा.

पुढच्या महिन्यात ती दोघींना घेऊन आली.
म्हणाली, यांना सांगितलं मी,
चला, तिथे कुणी उठवत नाही.