आकडा

ढोकाळी नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत
बोटांच्या पेरांवर मोजून ठेवलं होतं:
झाडू-लादीचे अडीच हजार,
दोन बाथरूमचे एक हजार,
डस्टिंग रोज की दिवसाआड ते विचारायचं,
धरू या हजार.
बाल्कनीत कबुतरं असली तर वेगळे पाचशे.
कबुतरं असतातच.
येण्याजाण्याचे चाळीस रुपये कुणी मोजत नाही,
मीही नाही मोजले.
एकूण पाच हजार.

गेटवर फोटो काढून झाला,
पिशवी उघडून दाखवून झाली.
सर्व्हिस लिफ्टमध्ये एक गादी उभी होती
आणि तिला मिठी मारून एक पोरगा.
सहाव्या मजल्यावर वाटलं,
कबुतरांचे काय पैसे मागायचे.
साडेचार.
अकराव्यावर आठवली समीक्षाच्या क्लासची फी, दहा तारीख.
चार.
सोळाव्यावर गादी उतरली.
मी एकटी, समोर घासलेला पत्रा,
त्यात माझं तोंड पुसट.
साडेतीन.
बाविसावा मजला अजून चार मजले वर असता
तर फुकटच पुसली असती लादी.

मॅडमनी दार उघडलं, कानाला फोन.
हातानं खुणावलं, थांबा.
चपला काढून उभी राहिले
पायपुसण्याच्या अलीकडे.

येऊरचा डोंगर त्यांच्या खिडकीत अख्खा मावला होता.
आमच्याकडून त्याची एक कड दिसते, टाकीमागून.
पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर,
कोपऱ्यात जाळं.
आधीच्या बाईचा हात पुरत नसेल,
किंवा तेवढ्या पैशांत तेवढाच पुरत असेल.

"नाही," मॅडम फोनवर म्हणाल्या,
"एका लोगोचे अठरा हजार."
आणि गप्प बसल्या.
नुसत्या गप्प.
पलीकडचा माणूस बोलतच राहिला,
त्याच्या आवाजाची माशी मला दारापर्यंत ऐकू येत होती.
त्या 'म्हणजे' म्हणाल्या नाहीत,
'बघा तुम्हाला कसं परवडतंय' म्हणाल्या नाहीत,
हसल्यासुद्धा नाहीत.
फक्त त्यांचा दुसरा हात
सोफ्याच्या शिवणीतला दोरा ओढत होता,
ओढत होता.
तो हात मला ओळखीचा वाटला.

"हं, बोला मावशी, किती घेणार?"
माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील.

"पाच हजार."
आणि गप्प बसले.

फ्रिज घरघरला, थांबला.
जिभेवर सगळे जुने शब्द येऊन उभे:
तुमच्या मनानं द्या,
वरचं कामही करीन,
आधी महिनाभर बघा तरी.
एकेक गिळला.
गेल्या वर्षी तेराव्या मजल्यावरचं छबूचं काम
आठशेनं खाली उतरून मी घेतलं होतं.
ते काही गिळेना.

"ह्यांना विचारून कळवते."
"चालेल."

खाली येताना लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत गेली,
कचऱ्याच्या बादल्या आत घेत.
पाच.
पाच.
वास मारत होता नुसता, पण पाच.
तळमजल्यावर उतरले तेव्हाही पाचच.

गेटबाहेर छबू, रिक्षाच्या वाटेकडे डोळे.
अलीकडे आमच्यात 'जेवलीस का' एवढंच.
"नवीन काम? किती सांगितलंस?"

खरा आकडा आम्ही एकमेकींना कधी सांगत नाही.
मोठेपणाला पाचशे वर,
दृष्ट लागू नये म्हणून पाचशे खाली.

"पाच," मी म्हटलं. "बाल्कनी धरून."
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
त्यात तेरावा मजला शोधत असावी.
"देतील?"
"माहीत नाही."

रिक्षा आली.
फोन पिशवीत, फडक्यात गुंडाळलेला.
आम्ही आत सरकून बसलो,
तिसऱ्या बाईपुरती जागा ठेवून.