मोजा

पहाट नसते इथे. पाळी बदलते, एवढंच.
डोक्यावर आठशे मीटर आल्प्स,
त्याच्याही वर, म्हणतात, बर्फ पडतोय.

मी तिपाई रोवते, बुडबुडा मधोमध आणते
आणि कमानीवरच्या पाच आरशांना
एकेक करून विचारते:
कालपासून किती?

नऊ मिलिमीटर. अकरा.
उजव्या खांद्याला चौदा.

आपण कोरून काढली तेवढी जागा
डोंगर परत मागतो, घाई न करता,
भिजल्या पिठात बोट खुपसावं
आणि खळगा आपोआप भरत यावा, तसा.
म्हणून इथल्या कमानी अखंड नसतात.
पोलादाचे तुकडे एकमेकांत सरकतात,
रात्री कधीतरी किंचाळतात.
नवी पोरं दचकतात.
दुआर्ते म्हणतो, ओरडू दे गं, बार्ला,
मला भीती गप्प बसणाऱ्याची.

वर गावात ज्योन बत्तेस्ताने
चॅपेलच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आहे.
तुम्ही खाली डोंगराचं पाणी काढता,
आणि भिंत माझी बसते.
पट्टी अजून तडकलेली नाही.
तरी रविवारी तो माझ्याकडे न बघता
मेणबत्त्या विझवतो.

मंगळवारी उजव्या खांद्याचं उत्तरच आलं नाही.
पुढच्या पाळीलाही नाही.
चार आरसे बोलत होते,
त्यांचं बोलणं नेहमीचं, अंगवळणी पडलेलं.
फ्लुरीन म्हणाला, धूळ असेल, उद्या बघू.

उद्या.

मी शिडी मागवली.
वर चढून दिवा धरला, तर आरशावर
कुणीतरी लोकरीचा मोजा वाळत घातलेला.
राखाडी. टाचेला रफू.
अजून दमट.

हसले. खाली उतरून भिंगाला डोळा लावला,
आणि हसू तिथेच राहिलं:
तेवीस.
दोन पाळ्यांत, त्या लोकरीआड,
डोंगर तेवीस मिलिमीटर चालून आला होता.

रात्रभर बोल्ट ठोकले. आठ-आठ मीटरचे.
फ्लुरीन एक शब्द बोलला नाही.
सकाळी, म्हणजे पाळी बदलताना, सतरा.
मग अकरा. मग सहा.

दुआर्तेच्या एका बुटातून
उघडा घोटा दिसत होता.
मी काही विचारलं नाही.
त्यानेच विचारलं, मान खाली घालून,
आज किती?