रकाना सातवा

सिव्हिल लाइन्समधल्या त्या हॉलात
चार राज्यांची माणसं तीन दिवस बसली होती.
मे महिना, दोन कूलर, एकाचं पाणी गळतं,
आणि समोर एकच कोरी नोंदवही,
म्हणजे पडद्यावर. पण आम्ही तिला वहीच म्हणायचो.

पहिला दिवस वर्षातच गेला.
कुणाचं वर्ष एप्रिलला उगवतं, कुणाचं जानेवारीत.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टन.
देवांगन साहेब म्हणाले, आमच्याकडे लाखात लिहितात.
पद्मलता मॅडम म्हणाल्या, लिहा कशातही,
तुमचं लिहून होईस्तोवर धूर आमच्याकडे पोचलेला असतो.
सगळे हसले. मी टंकत होते.

सहा रकाने ठरले :
केंद्र, इंधन, किती जाळलं, कधी, कसं मोजलं, कोणी मोजलं.
सातव्यावर तीनदा चहा आला.
सातवा : कोणाच्या नावे.

कोळसा त्यांचा. भट्टी आमची, कोराडीच्या अंगाला.
वीज तारेवरून गेली तिसऱ्याच्या घरी,
तिथे कुणीतरी एसी सोळावर ठेवून
वर गोधडी घेतली.
आता धूर कोणाचा?
जाळणाऱ्याचा, म्हणाले पटेरिया.
वापरणाऱ्याचा, म्हणाले आमचे साहेब, जरा घाईनेच.
दोघांनी लिहिला तर एकच धूर दोनदा,
दोघांनी सोडला
तर पोर आहे, बाप नाही.

माझे बाबा वजनकाट्यावर होते, खापरखेड्याच्या रस्त्याला.
भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक,
वजाबाकी म्हणजे माल.
चौतीस वर्षं एवढंच गणित.
रिकाम्याचं वजन दर खेपेला नव्यानं घ्यायचे.
ड्रायव्हर वैतागायचे : काका, ट्रक तोच हाय नं!
"तोच कसा? चाकाले चिखल लागून राहिला,
तो का मी कोळशात धरू?"

त्या रात्री जेवताना त्यांना सांगितलं,
बाबा, एक टन कोळसा जाळला
की वायू निघतो दीड टनाच्या वर.
त्यांनी चष्मा काढला.
"काहून? काटा बिघडला का तुमचा?"
नाही. वरचं वजन हवेतलं.
जळता जळता कोळसा हवेला सोबत घेऊन जातो.
बराच वेळ वाटीतल्या वरणाकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"मंग हवेची पावती कोणी फाडली?"

तिसऱ्या दिवशी हे मी कुणाला सांगितलं नाही.
टंकणाऱ्या बाईचं मत इतिवृत्तात येत नसतं.
फक्त चहाच्या वेळी सातव्याचे दोन भाग केले,
जाळलं ते एकात, वापरलं ते दुसऱ्यात,
आणि पुढे एक आठवा रकाना ओढून ठेवला.
नाव दिलं : फरक.

परत आले तेव्हा सगळे पडद्याकडे बघत राहिले.
हे कोणी घातलं, डेकाटे बाई?
मेळ बसेना, सर. बसला नाही तो कुठेतरी ठेवावा लागतो.
पटेरियांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं,
मग पहिली सही त्यांनीच केली.
फरकावर सही करायला कुणाचीच हरकत नव्हती,
तो कुणाचाच नव्हता.

संध्याकाळी झीरो माइलवरून घरी गेले.
ऊन उतरलं होतं तरी दगडी घोडे तापलेलेच.
त्या खांबाजवळ गावांची नावं आणि मैल कोरलेत.
लहानपणी बाबांना विचारलं होतं,
यात नागपूर कुठे आहे?
"आपन उभे हाओ नं इथं," म्हणाले होते.

पहिल्या तिमाहीला छत्तीसगडची पानं उशिरा आली,
तेलंगणाच्या दोन ओळी परत पाठवाव्या लागल्या,
आमच्या सातव्यात अजून तारांकन आहे, खाली टीप : तपासणी सुरू.
आठवा तेवढा काठोकाठ भरला.

बाबा दर तिमाहीला फोन करून विचारतात,
फरक किती?
मी सांगते.
ते तो आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात,
दुधाच्या हिशेबाखाली,
पेन्सिलीनं,
खोडता यावा म्हणून.