गाडीखालचा पुठ्ठा

हर्नोसांडमध्ये नोव्हेंबरात तीनलाच अंधार होतो
आणि भाड्याच्या गॅरेजात
माझी लाल गाडी, वय एकतीस, टर्बो,
रोज रात्री एक थेंब टाकते.
एकच. नियमानं. कर भरावा तसा.

खाली मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलाय,
प्रत्येक डागाशेजारी पेन्सिलीनं तारीख.
चार नोव्हेंबर, डावीकडे.
पाच नोव्हेंबर, पुन्हा डावीकडे, जरा पुढे.
अकराला काहीच नाही.
त्या रात्री उणे चौदा होतं,
तेलसुद्धा घरीच बसलं.

आधी वरच्या झाकणाची गॅस्केट बदलली.
थेंब.
मग टर्बोला तेल पाजणाऱ्या नळीचे तांब्याचे वायसर,
नव्या नाण्यासारखे लालबुंद, हातातून ठेवावेसे न वाटणारे.
थेंब.
मग टर्बोखालचा परतीचा पाइप.
तिथला बोल्ट अर्धा पान्याबरोबर आला, अर्धा आतच राहिला,
आणि त्या उरलेल्या अर्ध्यापायी
तीन रविवार गेले, दोन ड्रिलची पाती गेली,
आणि मला माहीत नव्हतं मला येतात
अशा शिव्या.
थेंब.

सिग्नलला उभी राहिले की बॉनेटच्या फटीतून
निळसर धूर, करपलेल्या तेलाचा वास.
शेजारच्या गाडीतली मुलं बोट दाखवायची.
त्यांतली निम्मी माझ्याच शाळेतली,
दुपारी माझ्याच हातचं मटाराचं सूप पिणारी.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला, मागचं मोठं सील बदललं.
स्वयंपाकघरातल्या दोन महिन्यांच्या पगाराचं सील.
पुठ्ठा उलटा केला, कोरी बाजू वर.
सकाळी थेंब.
डावीकडे, जरा पुढे.

तेव्हा सिगवार्डला बोलावलं.
बस डेपोत अडतीस वर्षं काढलेला माणूस,
बोलतो पदरचे पैसे मोजून दिल्यासारखा.
आला. पुठ्ठा पाहिला. खाली वाकलाच नाही.
म्हणाला, चालू कर.
म्हणाला, हातमोजा आहे?
माझ्या कोटाच्या खिशात होता, शाळेचा, निळा, बटाटे सोलायचा.
त्यानं तेल ओतायचं झाकण उघडलं
आणि मोजा त्या तोंडावर ताणून बसवला.

पहिल्यांदा नुसताच लोंबला.
मग करंगळी हलली.
मग अंगठा, मग एकेक बोट फुगत
तो आख्खा पंजा इंजिनमधून वर आला
आणि गॅरेजच्या पिवळ्या दिव्याखाली
थरथरत उभा राहिला,
वर्गात मागच्या बाकावरून
कितीतरी वेळ हात वर करून बसलेल्या
मुलासारखा.

आम्ही दोघंही हसलो नाही.

मागच्या बाजूला, कुणी बघत नाही तिथे,
अंगठ्याएवढी एक रबरी नळी असते.
इंजिननं आतला दाब तिच्यातून सोडायचा.
सिगवार्डनं ती उपसून माझ्या हातात दिली.
आत डांबर. काळं, घट्ट, वर्षांचं.
तार खुपसली तर तार अडकली.
"सील बिचारी काय करतील," तो म्हणाला,
"जी दमली तिच्यातून तेल आलं."
मी मनात हिशोब केला:
दाराला कडी घालून मी खिडक्या बदलत होते.

नव्या नळीची किंमत सांगत नाही.
लाज वाटते.

मोजा पुन्हा चढवला. यावेळी तो
आत ओढला गेला, हळूच,
झोपेतल्या माणसाच्या गालासारखा.
सिगवार्डनं कॉफी अर्धीच प्यायली आणि गेला.
पैसे घेतले नाहीत, मोजा मात्र नेला.

पहिला दिवस कोरा. दुसरा कोरा.
तिसऱ्या रात्री मला झोप आली नाही,
कोटावर कोट चढवून बर्फातून खाली गेले,
टॉर्च लावला.
थेंब.

बराच वेळ गुडघ्यांवर तशीच होते.
पाणी कुठे मुरतंय, पाणी कुठे मुरतंय,
आठ महिने हेच विचारत आलेली मी.
मग बोट लावलं, नाकाशी नेलं.
पाणीच होतं.
चाकाच्या कमानीतला बर्फ वितळून पडलेलं,
साधं, बिनवासाचं.

पेन्सिल कानावर होतीच.
तरी तारीख घातली.