आधण

रात्री साडेदहाला बत्तीस वह्या घेऊन बसलो.
ओरुरोत या वेळी वारा दाराखालून आत येतो,
पायांवर आजोबांची घोंगडी,
आणि कपात कोकाच्या पानांचा चहा,
जो या उंचीवर कितीही उकळा, धड कडक होत नाही.

दुसरं वर्ष, उष्णतेचा पेपर. प्रयोग पहिला :
पाण्याचा उत्कलनांक काढा.

पहिली वही : शंभर.
दुसरी : शंभर.
तिसरीत हेर्मोहेनेसनं ९९.८ लिहिलंय.
हा पोरगा पुढे जाईल,
खोटं बोलतानाही दशांश सांभाळतो.

शंभर हा समुद्रसपाटीचा आकडा.
आणि आमच्या देशाला समुद्रच नाही,
पणज्यांच्या लढाईत गेला तो.
पुस्तकातला आकडा तेवढा मागे राहिला,
हरवलेल्या घराच्या किल्लीसारखा.

सतरावी वही तेओदोरा आयाविरीची.
कागद वाचवणाऱ्या घरातलं बारीक अक्षर.
८७.६
८७.५
पुन्हा ८७.६
आणि खाली पेन्सिलीनं, खोडता येईल असं :
लिसेन्सियादो, बहुधा थर्मामीटर बिघडलाय. क्षमा असावी.

मी पेन खाली ठेवलं.

मला दिला होता लंबक.
नोव्हेंबर, कार्निव्हलच्या तालमी सुरू झालेल्या,
खालच्या रस्त्यानं ढोल-ट्रम्पेटांचं पथक जायचं
आणि माझी आंदोलनं ठेक्यात मिसळायची :
तेरा, चौदा, ढम्, चौदा, पंधरा.
तीन दुपारी गेल्या. पथक दमलं, मी दमलो नाही.
उत्तर आलं नऊ दशांश सात सात.
पुस्तक म्हणत होतं आठ एक.
मग मी दोरी चार मिलीमीटरनं वाढवली.
दोरी नव्हे, वहीतली दोरी.
दहापैकी दहा.
या पठारावर पृथ्वी आम्हाला जरा सैल धरते,
एवढंच तो बिचारा लंबक सांगत होता.
मी त्याला गप्प बसवलं, आणि पास झालो.

चार वर्षं काय शिकवतो आम्ही?
पुलीला घर्षण नाही. दोरीला वजन नाही.
लामा गोल धरा, आणि निर्वातात उभा करा.
तिसऱ्या वर्षी सांगतो, इलेक्ट्रॉन नेमका कुठे ते विचारू नका,
आणि पोरं खरंच विचारत नाहीत,
कारण परीक्षेत येत नाही.

तेओदोराची आई बाजारात सूप विकते.
सोमवारी मी तिथेच जेवतो.
पहाटे तीनला आधण ठेवते, मगच आठला गिऱ्हाईक येऊ शकतं.
तिला दाबाचं समीकरण कुणी सांगितलं नाही,
एवढंच ठाऊक, की या गावात
कुणाची डाळ सहजी शिजत नाही,
झाकणावर दगड ठेवावा लागतो.
हा दगड पोरीनं रोज उचललाय, लहानपणापासून,
दोन्ही हातांनी, फडक्यात धरून.
आणि प्रयोगशाळेत येताना
तो बाहेर दारात ठेवून आली.
तिथे ठेवायला तिला शिकवलं कुणी?

लाल शाई थंडीनं गोठलेली.
पेन काखेत धरून बसलो थोडा वेळ.
मग तिच्या पेन्सिलीखाली लिहिलं :
थर्मामीटर ठीक आहे.
आणखी काही लिहायचं होतं,
चार मिलीमीटरांबद्दल. नाही लिहिलं.

उरल्या पंधरा वह्या.
आत काय असणार ते न उघडता माहीत होतं,
सरसकट गुण टाकून झोपता आलं असतं.
पण न बघता लिहिलेलं
तेही शंभरच झालं असतं.

म्हणून एकेक उघडली.
शंभर. शंभर. शंभर.
अठ्ठाविसाव्या वहीत
शंभराखाली रबरानं घासलेली जागा,
कागद तिथे पातळ झालेला.
दिव्यासमोर धरला.

सत्याऐंशी.