किती दिवसांपासून

तांडापेठेच्या त्या गल्लीत आता दोनच माग उरलेत.
त्यातला एक दुर्पता परातेच्या घरी,
भिंतीला लागून फ्रिज, फ्रिजला लागून माग.
नवरा विणतो. ती कांड्या भरते,
तुटलेले धागे सांधते
टीव्हीकडे बघता बघता.

मी नागरी आरोग्य केंद्राची.
पिशवीत वही, गोळ्या,
आणि रुमालात गुंडाळलेली रबराची छाती.
ती बाहेर काढली की आधी हसू फुटतं,
मग पदर तोंडावर जातात,
मग कुणीतरी उठून दार लोटतं.
पार्वताबाई हेडाऊ म्हणाली,
"बाई, गोळ्या दे, रेशनचं सांग,
हे काहून आणलं?"

सांगायचं ते मला पाठ आहे.
बोटांच्या टोकांनी नाही, पेरांनी.
गोल गोल, पार काखेपर्यंत.
आत मणी आहेत. सापडतात का बघा.

कुणाला एक सापडला, कुणाला दोन.
दुर्पताने ती छाती मांडीवर घेतली,
मान दाराकडे वळवली
आणि मी श्वास सोडायच्या आत म्हणाली,
"पाच. एक खोल हाये, तळाले."

दोन वर्षं मी ती पिशवीतून वागवते आहे.
मला चारच माहीत होते.

गाठ तसा वाईट शब्द नाही आपल्यात.
लग्नात बांधतात, पदराला मारतात,
बाजारात कुणाची तरी वर्षाने पडते,
दोन पैसे गाठीला असले तर झोप लागते.
फक्त इथली गाठ कुणी तोंडात धरत नाही.
"तिले तिकडं काहीतरी झालं," म्हणतात
आणि उगाच स्वतःचा पदर सारखा करतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघते.
खोकला, ताप, मच्छर, महागाई,
नावं घेऊन घेऊन ओरडतो आम्ही, घेऊन जा!
मीही ओरडते, लहानपणापासून.
या दुखण्याचं नाव
त्या गर्दीत मी अजून ऐकलेलं नाही.
माझ्याही तोंडून नाही.

बाकीच्या गेल्या. चहा ठेवते म्हणाली, ठेवला नाही.
"आणि तुमची? पाहिली कधी?"
चरखा फिरत राहिला.
"मले माहीत हाये."
"काय माहीत आहे?"
"डाव्या अंगाले. मण्यावानी नाही, चिंचोक्याएवढी.
दुखत तं नाही न.
दुखलं असतं तं सांगितलं असतं."

मी रागावणार होते, जमलं नाही.
हजार धाग्यांत एक कच्चा
दिवे गेल्यावरही ओळखते ही बाई.
हिला मी शोधायला शिकवत होते.

मंगळवारी मेडिकलला गेलो.
सकाळी साडेसातपासून ओळीत.
तिचा नवरा माग बंद ठेवून आला होता,
धुतलेला शर्ट, हातात रिकामी पिशवी,
कशासाठी आणली त्यालाही सांगता येईना.
पंख्याखालचं बाकडं रिकामं झालं
तेव्हा तो तिला म्हणाला, तू बस.
आणि ती बसली नाही.

डॉक्टरीण पोरसवदा होती.
म्हणाली, बहुतेक गाठी साध्या निघतात,
पण बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही.
फोटो काढू. सुई घालून बघू. आजच.
मग कागद पुढे ओढला.
रकाना होता: किती दिवसांपासून?

दुर्पताने नवऱ्याकडे पाहिलं.
"ते हिरव्या काठाचं होतं न, गोंडपिपरीवालीचं,
त्याच्यानंतर किती लुगडी उतरली हो?"

तो बोटांवर मोजू लागला.
मधेच थांबला. तिच्याकडे पाहिलं.
पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.
डॉक्टरीण पेन उघडं धरून होती.

"चाळीस," तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"एक अजून मागावर हाये."